पाणी सुटलं का?

पहाटे ३.१५

दाराशी दोन सॅक उभ्या आहेत. रात्रीच भरून ठेवल्यात आणि वरच्या कप्प्यात एकेक चिठ्ठी घातलीय: हार्नेस बारा, हेल्मेट बारा, दोर चार, कॅराबिनर तीस, डिसेंडर आठ. प्रत्येक चिठ्ठीवर दोन सह्या, एक माझी आणि एक माझ्या सहकाऱ्याची. दोघांनी वेगवेगळं मोजल्याशिवाय सामान घराबाहेर काढायचं नाही, हा आमचा नियम.

गेली अकरा वर्षं मी पुण्याहून एका दिवसाच्या साहस सहली नेते. आज नोव्हेंबरातला शेवटचा रविवार आणि जायचंय कोलाडला. सकाळी कुंडलिकेत राफ्टिंग, दुपारी झिपलाइन आणि रॅपलिंग, उन्हं उतरली की कयाक, आणि रात्री परत. चोवीस माणसं आहेत. अठरा एकाच ऑफिसातली, बाकीची त्यांच्या घरची मंडळी. अशा दिवसाचं सगळं कसब क्रमात असतं. ज्याला ताजे हातपाय लागतात ते आधी घ्यायचं. ज्यात चुकलं तर फार तर कपडे भिजतात ते शेवटी ठेवायचं.

चहा घेताना पोटात गोळा येतो. पहिल्या वर्षी मला त्याची लाज वाटायची. आता मी त्याची वाट बघते, कारण तो आला की मन जागं आहे हे कळतं. ज्या पहाटे तो येणार नाही त्या पहाटे सहल दुसऱ्याच्या हाती द्यायची, असं मी सहकाऱ्याला सांगून ठेवलंय.

४.३० : चांदणी चौक

गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाशी मी एक तरी वाक्य बोलते. झोप झाली का, काही खाल्लंत का. उत्तरापेक्षा आवाज ऐकायचा असतो.

तब्येतीचे फॉर्म आठवडाभर आधीच भरून घेतलेत: दमा, रक्तदाब, हृदयविकार, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण. पण मित्रांच्या घोळक्यात माणूस ‘नाही’वर खूण करतो आणि एकट्याला विचारलं की खरं सांगतो. म्हणून गाडी पिरंगुटला पोचेपर्यंत मी एकेका सीटपाशी जाऊन हळू आवाजात तेच प्रश्न पुन्हा विचारते. आज एका मुलाने खिशातून इनहेलर काढून दाखवला. फॉर्मवर त्याचा उल्लेख नव्हता. मी त्याला रागावले नाही. तो इनहेलर आता पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गाईडजवळ राहील, आणि मुलगा त्याच राफ्टमध्ये बसेल.

मागच्या सीटवर खिडकीशी एक काकू बसल्या आहेत. अठ्ठावन्न वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, लेकीच्या आग्रहाने आलेल्या. पुढे गाण्याच्या भेंड्या रंगल्यात आणि काकू मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरून बाहेरच्या काळोखात बघतायत. ओरडणाऱ्या, हसणाऱ्या माणसाची मला फारशी चिंता नसते, त्याची भीती तोंडावाटे बाहेर पडत असते. गप्प झालेलं माणूस मात्र मी दिवसभर नजरेआड होऊ देत नाही.

५.४५ : मुळशी

पौड मागे पडलं की थोड्या वेळाने मुळशीचा जलाशय सुरू होतो. काळोखात पाणी दिसत नाही. पलीकडच्या काठावरचा एखादा दिवा मात्र दोनदा दिसतो, एकदा जागेवर आणि एकदा खाली, लांबुळका होऊन हलताना. इथे मी गाडीतले दिवे आणि गाणी बंद करायला सांगते आणि दोन मिनिटं बोलते.

ही मुळा नदी. हिची वाट पूर्वेची: पुण्यावरून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. टाटा कंपनीने इथे धरण बांधलं आणि तिचं पाणी पश्चिमेला वळवलं. डोंगरातल्या बोगद्यातून आणि पुढे मोठाल्या नळांतून ते सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात, भिऱ्याला उतरतं आणि तिथे जनित्रं फिरवतं. १९२७ साली ते वीजघर सुरू झालं आणि वीज मुंबईला गेली. धरणाखाली जाणाऱ्या गावांतल्या शेतकऱ्यांनी १९२१च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला होता. त्याचं नेतृत्व केलेले पांडुरंग महादेव बापट महाराष्ट्राला ‘सेनापती’ म्हणून माहीत आहेत, ते याच लढ्यामुळे. लढा हरला. भाताची खाचरं, घरं, देवळं पाण्याखाली गेली.

मी लोकांना एवढंच सांगते: तीन तासांनी आपण ज्या पाण्यात उतरणार आहोत ते हे पाणी आहे. आपण रस्त्याने घाट उतरतोय आणि ते डोंगराच्या पोटातून उतरतंय. कुणाच्या तरी शेतावरून आलेल्या पाण्यात आपण खेळायला जातोय, हे माहीत असलेलं बरं. यानंतर गाडी थोडा वेळ शांत असते आणि मला ती शांतता आवडते.

६.५० : विळे

ताम्हिणी घाटात फोनला रेंज नसते. विळ्याला घाट संपतो, उजाडलेलं असतं आणि फोनवर काड्या दिसू लागतात. पहिला फोन नदीवरच्या मुख्य गाईडला. तो पहिल्या घंटेला उचलतो. आमच्या या संभाषणात ‘नमस्कार’ नसतो.

“पाणी सुटलं का?”

“सुटतंय ताई. साडेनऊच्या आत साज्यात.”

सगळा दिवस या दोन वाक्यांवर उभा असतो. बाकीच्या नद्या पावसाच्या मर्जीने वाहतात. पावसाळा सरला की कुंडलिका विजेच्या मागणीवर वाहते. भिऱ्याची जनित्रं फिरली की त्यातून बाहेर पडलेलं पाणी पुढे रवाळजेला अडतं आणि तिथून ठरावीक वेळी नदीत सोडलं जातं. साज्यापासून पुढचे साधारण बारा किलोमीटर ते राफ्टिंगच्या कामी येतं. म्हणून तर कोलाडला ऐन हिवाळ्यातही खळाळतं पाणी मिळतं. यंत्रं बंद राहिली तर मात्र नदीत दगड उरतात. असे दिवसही येतात. त्या दिवशी मी राफ्टिंगचे पैसे परत देते आणि लोकांना त्या उघड्या पात्रातून चालत नेते. रोज ज्यांच्यावरून आम्ही जातो ते दगड, त्यांच्यामधल्या कपारी, पाण्याने कोरलेली भोकं, सगळं दाखवते. माझ्या मते नदी कळायला तो दिवसही फुकट जात नाही.

८.०० : पोहे आणि ब्रीफिंग

पोहे, चहा, कपडे बदलणं. नंतर चोवीस जणांना नदीवरचीच लाइफ जॅकेट आणि हेल्मेट. जॅकेट तपासायची रीत साधी आहे. दोन्ही खांद्यांचे पट्टे धरून माणसाला वर ओढायचं. जॅकेट कानाला टेकलं तर ते सैल आहे, आणि सैल जॅकेट पाण्यात माणसाला सोडून वर निघून जातं. हेल्मेटच्या हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटं शिरली पाहिजेत, तिसरं शिरता कामा नये. हे चोवीस वेळा करायचं, चोविसाव्या वेळीही पहिल्याइतकंच लक्ष देऊन.

मग नदीचा गाईड बोलायला उभा राहतो. इथलाच मुलगा आहे. मी कोलाडला येऊ लागले तेव्हा बरेचसे गाईड नेपाळ आणि हृषीकेशहून आलेले होते. त्यांच्या हाताखाली पॅडल धरायला शिकलेली पोरं आता राफ्टच्या मागच्या टोकाला बसतात. कालपर्यंत हा भाताची झोडणी करत होता, हातावर काडाचे ओरखडे आहेत.

तो चारच शब्द शिकवतो: फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, डाऊन. लोकांना वाटतं, एवढ्यासाठी अर्धा तास कशाला? कारण मी सांगते. मूत्रपिंडांच्या वर दोन लहान ग्रंथी असतात. संकट दिसलं की त्यांतून अ‍ॅड्रिनलिन रक्तात येतं. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, श्वास वाढतो, हातपाय पळायला किंवा लढायला तयार होतात. त्याची एक किंमतही असते: नजर आणि कान समोरच्या एकाच गोष्टीला चिकटतात. शांतपणी समजणारं लांब वाक्य त्या क्षणी कानात शिरत नाही. एक शब्द शिरतो, आणि तोही आधी पंचवीस वेळा ऐकलेला असेल तरच. ज्या झिंगेसाठी माणसं इथे येतात तीच झिंग त्यांना थोडं बहिरं करते. म्हणून आम्ही कोरड्या जमिनीवर, वाळूत ठेवलेल्या राफ्टवर बसवून घोकून घेतो.

शेवटी सर्वांत महत्त्वाचं. पाण्यात पडलात तर पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पायाची बोटं पाण्याबाहेर. पाणी गुडघ्याइतकं दिसलं तरी वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही. खालच्या दोन दगडांत पाऊल अडकलं तर वरून येणारा लोंढा माणसाला पुढे आडवं पाडतो आणि पुन्हा उठू देत नाही. पोहता येतं की नाही याला तिथे काही अर्थ उरत नाही. गाईड हे सांगताना बुटाचं टोक दोन दगडांत घालून दाखवतो. हशा थांबतो.

९.२० : पाणी येतं

साज्याच्या काठावर आम्ही उभे आहोत. दगड कोरडे आहेत, मधून एक धार वाहतेय. मग काहीच घडल्यासारखं वाटत नाही, पण मघाशी ज्या दगडावर कुणीतरी चप्पल ठेवली होती तो ओला होतो. चप्पल उचलेपर्यंत दगड दिसेनासा होतो. आवाज नंतर येतो. दहा-पंधरा मिनिटांत समोर भरलेली नदी असते.

तीन राफ्ट, प्रत्येकीत आठ माणसं आणि मागे गाईड. सर्वांच्या पुढे एक कयाक, त्यात आमचा सर्वांत चपळ माणूस. कुणी पडलं तर पहिला हात त्याचा. त्यांखेरीज मी, मधल्या राफ्टच्या पुढच्या कडेला, माझ्यामागे काकू आणि इनहेलरवाला मुलगा. काकूंना मी एकच सांगितलंय: “काकू, पाय इथे फटीत रोवा आणि माझ्या पाठीकडे बघा. मी वाकले की तुम्ही वाका.”

खळाळत्या पाण्याची जगभरात एक ते सहा अशी प्रत लावतात. सहा म्हणजे जिवाशी खेळ. कुंडलिका दोन-तीनमध्ये बसते, म्हणजे लाटा अंगावर येतात, वाट मात्र स्पष्ट असते. राफ्ट पहिल्या लाटेवर चढते, नाक आभाळाकडे जातं, मग सगळं वजन एकदम खाली आणि समोरून गार पाण्याची भिंत. डोळे उघडतात तेव्हा सगळे ओरडत असतात आणि पॅडल हवेत असतात. “फॉरवर्ड!” सगळी पॅडल पुन्हा पाण्यात.

तिसऱ्या खळाळाच्या शेपटीला शेजारच्या राफ्टमधला एक जण पडला. सकाळपासून सर्वांत मोठ्याने गाणारा. डोकं वर आलं, आणि त्याने तेच केलं जे शरीर आपणहून करतं: पाय खाली टेकवायला लागला. पाणी मांडीइतकं होतं. “पाय वर! पाय वर!” तीन राफ्टमधून एकच आवाज. एका क्षणासाठी त्याच्या तोंडावर काहीच उमटलं नाही. मग त्याचे बूट पाण्याबाहेर आले, एक, नंतर दुसरा. कयाक त्याच्यापाशी पोचली होती. राफ्टवरून दोराची पिशवी त्याच्या छातीवर पडली, त्याने दोर खांद्यावर घेतला, आणि जॅकेटचे पट्टे धरून गाईडने त्याला आत ओढलं. सगळं मिळून वीस सेकंदं गेली असतील. त्याच्यासाठी ती आजच्या दिवसाची गोष्ट झाली. माझ्यासाठी तो वाळूतला अर्धा तास होता.

मागे वळून पाहिलं तर काकूंचे ओठ घट्ट मिटलेले, पण पॅडल बरोबर लयीत.

१२.१५ : जेवण

तांदळाची भाकरी, चवळीची उसळ, भात, आमटी. वालाच्या शेंगांच्या पोपटीचा हंगाम अजून यायचाय, शेंगा भरल्या नाहीत. मी लोकांना पोटभर जेवा, पण तट्ट जेवू नका असं सांगते, कारण तासा-दीड तासाने कमरेला हार्नेस आवळायचाय. गाईडांचं नदीवरचं काम संपलं. ते राफ्ट उलट्या करून वाळत टाकतात आणि आपापल्या खळ्याकडे निघतात.

१.४५ : झिपलाइन

हिच्याबद्दल थोडक्यात. दोन तारा, त्यांवर कप्पी, पलीकडे थांबवणारा ब्रेक. माणसाने इथे करायचं असं फार नसतं, हात कप्पीपासून लांब ठेवले की झालं. म्हणून मी हिला मध्ये घालते. सकाळच्या गार पाण्यानंतर आणि दुपारच्या कड्याआधी मन मोकळं होतं, हार्नेस अंगाला सरावतो, आणि दोर आपलं वजन पेलतो यावर शरीराचा विश्वास बसतो. पुढच्या तासाला तो विश्वास लागणार असतो.

२.३० : कडा

सत्तर फुटांचा कडा, सह्याद्रीचा काळा बसाल्ट. तोंड पूर्वेला, त्यामुळे दुपारी उतरायच्या बाजूला सावली. माझा सहकारी जेवण लवकर आटोपून आधीच वर गेलाय आणि त्याने उतरायच्या दोन जागा लावून ठेवल्यात. प्रत्येक माणसाला दोन दोर: एकावरून तो स्वतः उतरतो, दुसरा वरून आमच्या हातात. दोन्ही वेगवेगळ्या अँकरना बांधलेले. एक अँकर दगा देईल असं धरून दुसरा लावायचा. दुसऱ्यावर भार यायची वेळ येऊ नये म्हणून पहिला तपासायचा.

आठाची गाठ जवळून बघण्यासारखी असते. दोर स्वतःभोवती फिरून आठाचा आकडा करतो, मग त्याच वाटेने टोक परत मागे नेतात. नीट बसलेल्या गाठीत दोराच्या जोड्या शेजारी शेजारी निजलेल्या दिसतात, कुठेही एकमेकींवर चढलेल्या नसतात. मी आधी डोळ्यांनी बघते, मग अंगठा फिरवते. त्यानंतर कॅराबिनर. चांगल्या कॅराबिनरवर त्याची ताकद कोरलेली असते, बहुतेकांवर बावीस किलोन्यूटनच्या आसपास, म्हणजे सव्वादोन टनांचा भार. पण हा आकडा दार बंद असतानाचा. दार उघडं राहिलं तर ताकद निम्म्याच्याही खाली येते. म्हणून त्याला फिरकीचं कुलूप असतं, आणि ते फिरवल्यावर दार दाबून बघायचं असतं.

सहा वर्षांपूर्वी मी ते दाबून बघितलं नव्हतं. दुपारची वेळ, सतरावा माणूस, मी दमलेले आणि कुणाशी तरी बोलत होते. कॅराबिनर अडकवला, कुलूप फिरवायचं राहिलं. त्या मुलीने मागे झुकायला सुरुवात केली तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याने तिच्या हार्नेसला हात घातला आणि तिला जागेवर धरलं. त्याने फक्त दार बोटाने दाबून दाखवलं. ते उघडलं. ती मुलगी नंतर हसत खाली गेली, तिला काहीच कळलं नाही. मी मात्र त्या रात्री झोपले नाही. चूक सर्वस्वी माझी होती. त्या दिवसापासून नियम झाला: एकाने अडकवायचं, दुसऱ्याने दाबून बघायचं आणि मोठ्याने ‘बंद’ म्हणायचं. हा शब्द ऐकू आल्याशिवाय कुणी कड्याकडे पाठ करत नाही. मी अडकवलं असेल तर नाहीच नाही.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाची बघते: केस, ओढणी, हुडीच्या दोऱ्या, गळ्यातली माळ. डिसेंडरमध्ये दोर सरकत असतो, तो शेजारचं काहीही आत ओढून घेतो. कड्याच्या मध्यावर केस अडकलेल्या माणसाला ना खाली जाता येतं ना वर. म्हणून माझ्या खिशात रबरबँडची पुडी असते.

एकामागून एक उतरू लागतात. सर्वांत अवघड पहिलं पाऊल. कड्याकडे तोंड, दरीकडे पाठ, आणि मागे बसल्यासारखं झुकायचं. सगळं अंग पुढे वाकून खडकाला धरायला सांगत असतं. पुढे वाकलात तर पाय घसरतात. मागे झुकलात की तळवे खडकाला पक्के लागतात. भीती इथे खोटं बोलते, आणि दोर खरं सांगतो. म्हणून मी लोकांना आधी सपाटीवरच झुकवून बघते.

बाविसाव्या काकू आल्या. केस बांधलेले, हेल्मेट नीट. ‘बंद’ ऐकू आलं. त्या कडेला आल्या, वळल्या, दोराला थोडा भार दिला. दोन्ही हात पांढरे पडलेले. मी काही बोलले नाही. त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, “नको.”

खालून ओरडा सुरू झाला. “काकू, होईल! काकू, या!” लेकही खालीच होती. मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. काकूंच्या हार्नेसचा पट्टा धरून त्यांना तीन पावलं आत आणलं, सपाटीवर आल्यावरच कॅराबिनर काढला, पाणी दिलं, आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

मी पुन्हा विचारलं नाही, कारण विचारायचं नसतं. कड्यावरचा ‘नको’ हा माझ्या धंद्यातला सर्वांत मोलाचा शब्द आहे. लोकांच्या आरोळ्यांनी ढकललेला माणूस हात घट्ट आवळून उतरतो, सूचना ऐकत नाही आणि मध्येच अडकतो. शिवाय माणसाला आपल्या अंगाची जेवढी खबर असते तेवढी मला कधीच नसते. ज्या सहलीत ‘नको’ म्हणायला जागा नाही, तिथे ‘हो’लाही काही किंमत राहत नाही.

५.०० : संथ पाणी

सकाळी उसळलेलं पाणी आता थांबलेलं आहे. लहान कयाक, हातात दुहेरी पॅडल. इथे आम्ही काठावर आणि आमचे दोघं पाण्यात, बाकी ज्याचं त्याने. ऑफिसातली पोरं पाच मिनिटांत एकमेकांवर पाणी उडवू लागतात. काकू लेकीबरोबर दोघींच्या कयाकमध्ये बसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी एकटीसाठीची मागितली.

पहिली दहा मिनिटं त्या गोल गोल फिरत राहिल्या. मग त्यांना सापडलं की डावीकडे वल्हवलं की नाक उजवीकडे वळतं. त्या सरळ निघाल्या. सूर्य सहाच्या थोडा आधी मावळतो या दिवसांत, आणि पाण्यावर तांबडी पट्टी येते. त्या पट्टीतून पलीकडे जाऊन त्या परत आल्या. पाण्यातला आमचा माणूस जरा अंतर ठेवून मागे होता, त्यांना ते माहीत नव्हतं.

६.४५ : परतीची मोजणी

चोवीस. पुन्हा चोवीस. हार्नेस बारा, हेल्मेट बारा, दोर चार, कॅराबिनर तीस, डिसेंडर आठ.

गाडी सुटल्यावर एक जण विचारतो, “ताई, पुढच्या वेळी दुसरीकडे गेलो तर चांगली सहल कशी ओळखायची?” मला हा प्रश्न फार आवडतो. राज्य सरकारने २०२१मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही प्रकारच्या उपक्रमांना नोंदणी लागते. ती आहे का ते विचारा. माझ्या अनुभवातून तीन प्रश्न आणखी विचारा. मला बांधल्यावर दुसरं कोण तपासणार? प्रथमोपचार शिकलेलं कोण आहे, आणि जवळचा दवाखाना किती मिनिटांवर? आणि मी ऐन वेळी नको म्हटलं तर काय होईल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हसत, खांद्यावर थाप मारत आलं, तर पैसे भरू नका.

९.१५ : पुन्हा मुळशी

घाट चढून आलो. गाडीत बहुतेक झोपलेत, खिडक्यांवर टेकलेली डोकी. काकू पुढे येऊन माझ्या शेजारी बसल्या.

“तुम्ही मला दुसऱ्यांदा विचारलं नाहीत,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“मी तेहतीस वर्षं शिकवलं. फळ्यापाशी एखादं पोर अडलं की मी परत परत विचारायचे. येईल, येईल, सांग. वाटायचं, आपण धीर देतोय.” मग बराच वेळ त्या पाण्याच्या बाजूला बघत राहिल्या.

बाहेर तोच जलाशय, दोनदा दिसणारा तोच दिवा. भिऱ्याला दीडशे मेगावॉटचा एक संच असा आहे की तो उलटाही चालतो. विजेची मागणी कमी असते तेव्हा तो खालचं पाणी उपसून परत या जलाशयात चढवतो. सकाळी आमच्याबरोबर उतरलेलं सगळंच पाणी समुद्राकडे जातं असं नाही. काकूंना मी हे सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, “मग ते पाणी परत उतरतं?” उतरतं, म्हटलं. मागणी वाढली की.

११.१५ : घर

अंघोळीआधी दोर. बाल्कनीत दांडीवर दोर सोडायचा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिमटीतून ओढायचा. उन्हात वाळवायचा नाही, ऊन नायलॉनला कुजवतं. बोटांना कुठे मऊ पोकळी, गाठळ, चपटेपणा लागतो का ते बघायचं. डोळ्यांना न दिसणारी इजा बोटांना कळते. तीन दोर ठीक आहेत. चौथ्यात, टोकापासून हातभर आत, वरचं आवरण जरासं फुलल्यासारखं वाटतं. उद्या उजेडात सहकारी बघेल. तोवर त्याला लाल फीत बांधून बाजूला ठेवते.

मग वही. प्रत्येक दोराला क्रमांक, घेतल्याची तारीख आणि त्यावरून किती माणसं उतरली याचा हिशेब. सहा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारनंतर मी या वहीत एक रकाना वाढवला. त्याला ‘परतलेले’ असं नाव दिलं. पहिली दोन वर्षं मी त्यात शून्य यावं म्हणून धडपडायचे. आता महिनाभर सलग शून्य आलं तर मी थांबून विचार करते, की आम्ही कुणाला ढकललं तर नाही ना?

आज लिहिते: उतरले तेवीस, परतलेले एक. सही करते. दुसऱ्या सहीची जागा सकाळसाठी रिकामी सोडते.